चौघांची सरासरी

शाळेच्या हॉलमध्ये लेकीचं, झाराचं नाव पुकारलं, तेव्हा अन्वरीला वाटलं आपल्या ऐकण्यातच काहीतरी चूक झाली. दहावीच्या साऱ्या वर्गात सगळ्यांत कमी पाणी वापरणारं घर म्हणे हारुन परकारांचं. म्हणजे आपलं? जिथे नवरा हारुन कंटेनर यार्डातून आला की अर्धा अर्धा तास शॉवरखाली उभा राहतो, आणि पोरगा शाहबाज दात घासता घासता नळ तसाच सोडून मोबाईल बघत बसतो, ते घर?

गणिताच्या मनाली मॅडमनी संख्याशास्त्राचा प्रोजेक्ट दिला होता. दोन महिने घरातलं पाणी मोजायचं, माणसांच्या संख्येने भागायचं आणि दर माणशी रोजची सरासरी काढायची. या देशात माणूस सरासरी पाचशे लिटरच्या आसपास पाणी वापरतो, मॅडम स्टेजवरून सांगत होत्या. मुलांना दोनशेचं लक्ष्य दिलं होतं आणि एकटी झारा तिथवर पोहोचली. टाळ्या झाल्या. झाराला स्टीलची बाटली मिळाली. हारुनने फोटो काढून तिथल्या तिथे गावच्या ग्रुपवर टाकला. अन्वरीने मनात म्हटलं, पोरीने सारखं बोलून बोलून आपल्याला सुधारलं असेल, आपल्या लक्षात आलं नसेल इतकंच.

घरी आल्यावर तिने झाराच्या डोक्यावरून हात फिरवला. केस राठ लागले, झाडूसारखे. परीक्षेचे दिवस आहेत, तेल लावायला वेळ मिळत नसेल, असं वाटून तिने तो विचार तिथेच सोडला.

अन्वरीचं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. एप्रिल उजाडला की गावातली विहीर मचूळ व्हायची आणि बायका डोंगराच्या झऱ्यावर रांग लावायच्या. दहा वर्षांची असल्यापासून अन्वरीच्या डोक्यावर कळशी होती. पाणी सांडलं की आई पाठीत धपाटा घालायची आणि म्हणायची, थेंबाथेंबाचा हिशोब द्यायचाय वर गेल्यावर. हारुनशी लग्न ठरलं तेव्हा त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "शारजात माझ्याकडे आलीस की पुन्हा कळशी उचलायची नाही." तो शब्द त्याने पाळला. अल मजाजमध्ये चौदाव्या मजल्यावरचं घर, बाथरूम दोन, नळ सोडला की हवं तेवढं पाणी. नवी नवरी असताना अन्वरी नुसती नळाखाली हात धरून उभी राहायची.

आईचं ते वाक्य मात्र तिने झाराला लहानपणीच शिकवलं होतं. शिकवलं आणि स्वतः विसरून गेली.

त्या उन्हाळ्यात ते गावी गेले नाहीत. शाहबाजला रोल्ला बाजारातल्या एका मोबाईलच्या दुकानात नुकतं काम लागलं होतं आणि हारुनला कंटेनर यार्डातून सुट्टी मिळाली नाही. झारा दिवसभर खोलीत असायची. एका दुपारी ती केस कानापर्यंत कापून आली. अन्वरी रागावली, तर म्हणाली, "इट्स हॉट, अम्मी." मग रोजे सुरू झाले. रमजानमधले राहिलेले रोजे पुरे करते, म्हणाली. एवढ्या कडक उन्हात पोरगी स्वतःहून रोजे धरते म्हणून अन्वरीला बरंच वाटलं. शेजारच्या बायकांनाही तिने कौतुकाने सांगितलं. रमजानात पाळीमुळे मुलींचे राहून राहून किती रोजे राहतात आणि हिचे अजून संपत कसे नाहीत, हे मोजायला हवं होतं. पण आपल्या पोरीचं कोण मोजत बसतं?

शाळा उघडली आणि सप्टेंबरात एका दुपारी झारा तापाने फणफणून घरी आली. दात वाजत होते. पाठ धरून ती बेडवर वाकडी झाली होती आणि अन्वरीने हात लावला की कळवळत होती. जेवणातून काही बाधलं असेल म्हणून अन्वरीने ओवा-पाणी केलं. झाराने घोट घेतला नाही. ओठांवर पापुद्रे आले होते. संध्याकाळपर्यंत पोरगी भलतंच बरळायला लागली तेव्हा हारुनने तिला उचलून गाडीत घातलं.

हॉस्पिटलातली डॉक्टरीण केरळची होती, पन्नाशीची, शांत बोलणारी. तिने तपासलं, रक्त आणि लघवी तपासायला पाठवली, आणि अन्वरीला बाजूला घेतलं.

"ये दिन में कितना पानी पीती है?"

अन्वरीला सांगता येईना. "पीती होगी... जितना सब पीते हैं."

"और बाथरूम कितनी बार जाती है?"

हेही अन्वरीला माहीत नव्हतं. पोरगी लहान असताना तिने दुपटी मोजली होती, किती ओली, किती कोरडी. आता एकाच घरात राहून काहीच माहीत नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली, दोन्ही किडन्यांना इन्फेक्शन आहे, डावीला जास्त. कित्येक महिने ही मुलगी पुरेसं पाणी प्यायलेली नाही आणि लघवी दाबून ठेवतेय. रक्तातही विष चढायला लागलंय. "थोड़ा और लेट करते तो मुश्किल था."

दोन दिवस सलाईन आणि इंजेक्शनं झाल्यावर ताप उतरला. हारुन कामावर गेला होता. अन्वरीने खुर्ची बेडला टेकवली.

"का नाही प्यायलीस पाणी? कुणी काही बोललं का तुला? शाळेतलं बाथरूम घाण आहे का?"

झारा भिंतीकडे बघत राहिली. "प्यायलं की जावं लागतं."

"मग जायचं."

"एका फ्लशला नऊ लिटर जातं, अम्मी."

अन्वरीला हे कळलंच नाही.  मग झाराने, परीक्षेत तोंडी विचारल्यासारखं, सगळं सांगितलं. आवाजात राग नव्हता. "अब्बांचे रोजचे तीनशे लिटर. शाहबाजचे दोनशे साठ. तुझे दोनशे वीस, त्यात स्वयंपाक, कपडे, लादी सगळं आलं. किती झाले?"

"सातशे ऐंशी."

"चौघांची सरासरी दोनशे आणायची तर आठशे पाहिजेत. वीस उरतात. दे आर माइन."

"वीस लिटरमध्ये तू... आंघोळ, सगळं?"

"इट्स अॅन अॅव्हरेज. समवन हॅज टु बी लो."

 शाळेच्या हॉलमधल्या टाळ्या तिला आठवल्या. त्या टाळ्या चौघांना मिळाल्या होत्या. तिघांनी काहीच केलं नव्हतं. तिघं जसे होते तसेच होते, शॉवरखाली, नळाखाली, सिंकसमोर. चौथीने तिघांचं स्वतःच्या अंगावर घेऊन बेरीज जुळवली होती. आणि भागाकार केल्यावर घर कसं छान दिसत होतं.

"आम्हाला सांगायचं ना, बाळा."

"सांगितलं होतं. अब्बा हसले. शाहबाज म्हणाला, चिल. तू म्हणालीस, मी जन्मभराचं पाणी वाहिलंय, आता मला मोजायला लावू नकोस."

म्हटलं होतं. अन्वरीला जागासुद्धा आठवली. ती ओट्यापाशी मासे धूत होती आणि नळ मोठा होता.

"पण प्रोजेक्ट तर जूनमध्येच संपला."

झाराने पहिल्यांदा आईकडे पाहिलं. "प्रोजेक्ट संपला. पाणी वाया जायचं थांबलं का? समुद्राचं पाणी गोडं करतात, त्याला किती गॅस जळतो माहितीये? उरलेलं जास्त खारट पाणी परत समुद्रात सोडतात. आणि तूच सांगितलंस ना, थेंबाथेंबाचा हिशोब द्यायचाय?"

अन्वरी बाहेर पॅसेजमध्ये आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. रडायलाही जमेना.

घरी सोडताना डॉक्टरिणीने बजावलं, रोज तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे आणि दर दोन तासांनी बाथरूमला जायचं. नाहीतर डावी किडनी हातची जाईल. अन्वरीने मोबाईलवर गजर लावले. गजर झाला की ग्लास घेऊन ती झारासमोर उभी. झारा अर्धा प्यायची, उरलेला "नंतर" म्हणून ठेवायची. बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी होती, तिच्यात तो जायचा. कुंडीखालची बशी भरून वाहायला लागली तेव्हा अन्वरीच्या ध्यानात आलं. मग ती समोर बसून शेवटच्या घोटापर्यंत बघायला लागली, आणि त्यानंतर बाथरूमच्या दाराशी कान लावून उभी. झारा आत जायची. फ्लशचा आवाज यायचा नाही. कपडे धुतलेल्या पाण्याची बादली ती आत नेऊन ठेवायची, पण तेही पाणी कुणाचं म्हणून धरायचं यावर तिची तिच्याशीच भांडणं चालायची. आतून पुटपुटणं ऐकू यायचं. आकडे.

हारुन चांगला माणूस होता. बायकोवर, मुलांवर त्याने कधी हात उचलला नव्हता. पण त्याला कळतच नव्हतं की पोरीला झालंय काय. आजार असेल तर औषध असतं, हट्ट असेल तर समजूत असते; हे मधलंच काही. तो दिवसभर यार्डात तापलेल्या लोखंडाच्या पेट्यांमध्ये फिरायचा. घरी येऊन बघावं तर बायको दाराला कान लावून उभी.

त्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून तो आला. अन्वरीने बिर्याणी केली होती. झाराने ग्लास बाजूला सरकवला आणि हारुनचा तोल गेला. तो उठला, किचनचा नळ पूर्ण सोडला. मग एका बाथरूमचा, मग दुसऱ्याचा, शॉवरही, बेसिनही. घरभर पाण्याचा धबधबा झाला.

"बघ," तो झाराला म्हणाला. "बघत राहा. अर्धा तास वाहू दे. काय होतं बघू. समुद्र आटतो का? खलास होतो का हा देश? काही होत नाही, बेटा. तू एकटी तहानेने मेलीस तरी या मीटरला कळणार नाही. लाखो माणसं आहेत इथे. त्यांच्यात तुझे वीस लिटर कुठे दिसतात?"

गणित त्याचंही खरं होतं. झारा पांढरी पडली. ती उठून एकेक नळ बंद करत गेली, हारुन मागून पुन्हा सोडत गेला. बापलेक या खोलीतून त्या खोलीत. शाहबाज "अब्बा, स्टॉप, प्लीज," म्हणत मध्ये आला. शेवटी अन्वरीने बाहेरचा मोठा कॉक पिरगाळून बंद केला आणि घर एकदम गप्प झालं. झारा बाथरूमच्या ओल्या फरशीवर बसली होती.

"किती गेलं?" ती विचारत होती. "अम्मी, किती गेलं असेल? मला आता किती दिवस भरून काढावं लागेल?"

त्यानंतर तिने पाणी पूर्ण सोडलं.

शनिवारी सकाळी अन्वरीने मनाली मॅडमना फोन केला. त्या नाशिकच्या, शाळेजवळच राहायच्या. तासाभरात आल्या. अन्वरीने दारातच त्यांचे दोन्ही हात धरले. "तुम्हीच दिलंत हे गणित. तुम्हीच सांगा तिला की चुकलंय. तुमचं ऐकेल ती."

मॅडम झाराच्या खोलीत बसल्या. अन्वरी दारात. मॅडमनी समजावलं, की सरासरी हा नुसता एक आकडा असतो, त्यामागे कुणाच्या वाट्याला काय आलं हे तो सांगत नाही. मी तुम्हाला प्रत्येकाचा आकडा वेगळा विचारायला हवा होता, ती माझी चूक. सगळ्यांनी थोडं थोडं कमी करावं, एवढाच हेतू होता.

"पण ते करत नाहीत, मॅम," झारा म्हणाली. "तुमच्या घरी करतात?"

 मॅडमनी कबूल केलं, "नाही करत."

"मग?"

मॅडम पर्स घेऊन उठल्या. निघताना लिफ्टपाशी त्या अन्वरीला म्हणाल्या, "ताई, हे गणिताचं राहिलेलं नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. आजच." आणि डोळे पुसत गेल्या. अन्वरीला त्यांचा राग आला नाही. शेवटची आशा होती तीही गेली, एवढंच वाटलं.

दुपारी झाराला पुन्हा हुडहुडी भरली.

या वेळी डॉक्टरिणीच्या चेहऱ्यावर आधीची शांतता नव्हती. डाव्या किडनीवर व्रण पडलाय, तो आता जाणार नाही, ती म्हणाली. उजवी वाचवायची आहे. सलाईन कायम ठेवता येत नाही. पोरीला पाणी प्यावं लागेल, स्वतःच्या तोंडाने. उद्या मानसोपचाराच्या डॉक्टर येऊन बघतील. हारुन खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिला.

अन्वरीने ग्लास भरून झारासमोर धरला. झाराने मान फिरवली. मग अन्वरीने आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. खांद्यावरची ओढणी काढून तिने पोटच्या पोरीसमोर पसरली. "भीक मागते तुझ्याकडे. एक ग्लास. माझ्यासाठी."

 "मला जमत नाही, अम्मी."

"जमत नाही म्हणजे?"

"मला प्यायचंय. खूप तहान लागलीये. पण ग्लास हातात घेतला की आकडे दिसतात. आधी मी मोजायचे. आता ते आपोआप चालू होतात. बंद नाही होत." ती हुंदके द्यायला लागली, आणि डोळ्यांतून पाणी यावं एवढंही अंगात नव्हतं. "अब्बांना सांग, मी हट्ट नाही करत."

इतके दिवस अन्वरीला वाटत होतं, पोरगी काहीतरी धरून बसली आहे आणि ते आपण सोडवायचंय. आता तिला दिसलं की पोरीने काही धरलेलं नाही, पोरीलाच कशानेतरी धरलंय. लहानपणी झऱ्यावरून उतरताना एकदा भरलेल्या कळशीने तिची मान लचकली होती. तिला कळशी उतरवताही येईना, पुढे चालताही येईना. वाटेतच उभी राहून ती रडत होती. मागून येणाऱ्या एका बाईने काही न विचारता ती कळशी उचलून आपल्या डोक्यावर घेतली होती.

"मग ते आकडे माझ्याकडे दे," अन्वरी म्हणाली.

"काय?"

"मोजायचं काम आजपासून माझं. घरातलं सगळं पाणी, चौघांचं. तू मोजायचं नाहीस. आकडा डोक्यात आला की मला सांगायचा आणि सोडून द्यायचा. मी धरते."

"तू नाही करणार. तुला कंटाळा येईल."

"दहा वर्षं पाणी वाहिलंय मी. कंटाळा माहीत नाही मला."

 "आणि आकडा वाईट आला तर? मला खोटं सांगशील. मी बरी व्हावी म्हणून खोटं सांगशील."

अन्वरी थबकली. पोरीने बरोबर ओळखलं होतं. ती तेच करणार होती. "नाही सांगणार," ती शेवटी म्हणाली. "अल्लाला साक्षी ठेवून सांगते. जो येईल तो सांगेन. वाईट असला तरी."

झाराने ग्लास घेतला. एक घोट घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, "वीस मिली." अन्वरी म्हणाली, "धरले." मग दुसरा घोट. तो ग्लास संपायला दुपारची संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी आलेली मानसोपचाराची डॉक्टर लेबनॉनची होती. तिने झाराला गोळी सुरू केली, दर आठवड्याला यायला सांगितलं आणि अन्वरीचं ऐकून घेऊन म्हणाली, सध्या मोजा तुम्ही, पण पुढे हळूहळू हेही कमी करावं लागेल. किती दिवस लागतील म्हणून विचारलं, तर तिने हात वर केले. "स्लोली, हबीबती. स्लोली."

अन्वरीने घरी आल्यावर पहिल्याच दिवशी आंघोळीचा मग आणि बादली बाहेर काढली. अर्ध्या बादलीत आंघोळ कशी करायची हे तिच्या हातांना अजून आठवत होतं. हारुन यार्डातून आला, तेव्हा बाथरूमचं दार उघडं होतं आणि ती स्टुलावर बसून मगाने पाय धूत होती. तो दारातच थांबला.

"हे कशाला?"

"झाराला प्यायला पाणी लागतं. कुणीतरी कमी करायला हवं."

"मी तुला इथे यासाठी आणलं होतं?"

"तुम्ही मला आणलंत, अहो. तिला मी आणलंय. ती जगायला हवी."

हारुन बेडच्या कडेवर बसला. त्याच्या शर्टावर घामाचं मीठ वाळून पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या. तो म्हणाला, "तिथे पन्नास डिग्रीत उभा असतो मी. घरी येऊन डोक्यावर पाणी पडलं की मग कुठे मला वाटतं की मी माणूस आहे. तेवढंच आहे माझ्याकडे दिवसभरात." तो रडत होता. अन्वरीने त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. त्याच्याकडून काही मागावं असं तिला वाटेना, आणि न मागून तर चालणार नव्हतं.

"उभे राहा शॉवरखाली," ती म्हणाली. "पण साबण लावताना बंद करा."

 दुसऱ्या आठवड्यात हारुन घरी येताना अंगाला साबणाचा वास आणि केस ओले. शॉवरखाली जायचाच नाही. घरचा आकडा झटकन खाली आला. अन्वरीने विचारलं तर म्हणाला, यार्डातच आंघोळ करतो, तिथलं पाणी कंपनीचं. बायकोने खूश व्हावं अशा बेताने तो तिच्याकडे बघत होता.

अन्वरीपुढे धर्मसंकट उभं राहिलं. आकडा चांगला होता. झाराला सांगितला असता तर पोरीने त्या दिवशी दोन ग्लास जास्त घेतले असते. तिने संध्याकाळी झाराला सांगितलं, "घरात अब्बांचे ऐंशी. पण यार्डात आंघोळ करून येतात. तिथले किती, मला माहीत नाही. कमी नसतील."

झाराच्या कपाळाला आठी पडली.  झारा म्हणाली, "दॅट्स चीटिंग." मग जरा थांबून, "ते माझ्यासाठी करतायत?"

"हो."

"त्यांना सांग, घरीच करा म्हणावं. निदान आपल्याला कळेल तरी." आणि तिने हातातला ग्लास संपवला. त्या दिवसापासून आईने सांगितलेला आकडा ती पुन्हा पडताळून बघेनाशी झाली.

शाहबाजने दात घासताना नळ बंद करायला महिना घेतला आणि अजूनही अधूनमधून विसरतो. हारुन शॉवरखाली पंधरा मिनिटं असतो. त्याखाली तो येत नाही, आणि अन्वरी त्याला सांगतही नाही. महिन्याअखेर बिल आलं तेव्हा अन्वरीने भागाकार केला. दोनशे दहा. बक्षीस मिळालं होतं त्याहून दहा जास्त. आकडा कागदावर लिहून ती झाराच्या खोलीत गेली.

"वाढली," झारा म्हणाली.

"वाढली. तुझेच आता एकशे सत्तर आहेत."

झारा खिडकीकडे तोंड करून बसली. त्या रात्री ती जेवली नाही आणि अन्वरीला वाटलं, आपण खरं बोलून पोरगी घालवली. सकाळी सात वाजता झारा किचनमध्ये आली, ग्लास घेतला, डोळे गच्च मिटले, पाणी प्यायली आणि शाळेची बॅग उचलून गेली. 

असे दिवस येतात आणि तसेही येतात. मध्ये एक आठवडा पुन्हा कुंडीत पाणी सापडलं. डावी किडनी निम्मीच काम करते, ती तशीच राहणार. उजवी सध्या ठीक आहे. डॉक्टरीण दर महिन्याला रक्त तपासते आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत अन्वरीच्या तोंडाला कोरड पडते.

नोव्हेंबरात हवा जरा बरी झाली तशी मायलेकी संध्याकाळी खालिद लगून या खाडीच्या कडेने चालायला जाऊ लागल्या. एकदा अशाच चालत असताना हिरवळीवरचे फवारे सुरू झाले. एकामागून एक, लांबवर. थोडं पाणी गवतावर पडत होतं, थोडं वाऱ्याने उडून फरशीवर वाहत जात होतं. झारा थांबली. 

"हे कुणाच्या वाट्याला धरायचं, अम्मी?"

"मला नाही माहीत, बाळा," अन्वरी म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं, आणि खोटं बोलायचं नाही असं ठरलं होतं.

झारा बघत राहिली. फवारे फिरत राहिले. मग ती म्हणाली, "मला तहान लागलीये."

बाटली घरी राहिली होती. रस्त्यापलीकडे मशिदीच्या भिंतीला येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी सबील होती, थंड पाण्याचा स्टीलचा कूलर. झाराने नळाखाली ओंजळ धरली आणि प्यायला लागली. बोटांच्या फटीतून बरंच पाणी खाली सांडत होतं. अन्वरीने ते पाहिलं, झारानेही पाहिलं. तिने ओंजळ क्षणभर मागे घेतली आणि पुन्हा नळाखाली धरली.